बाहेरच्या बाकावर

जळगाव, गुरुवार, ६ फेब्रुवारी १९६९

चोपड्याच्या नानांच्या गाठीचा तुकडा मुंबईला पाठवला होता. आज रिपोर्ट आला. अन्ननलिकेचा कॅन्सर, तोही क्वचित आढळणाऱ्या जातीचा. याला किरणांचा शेक कितपत लागू पडेल, तिथल्या सर्जनांनाही ठाऊक नाही. तरी पेशंट लवकर पाठवा म्हणतात. लवकर!

घास कधीपासून अडकतो, विचारलं तेव्हा नाना म्हणाले होते, "पंधराएक दिवस." तेच धरून मी महिनाभर पित्ताचं औषध देत बसलो. पुरुषाला तपासताना बायकोने बाहेर थांबायचं, ही रीत. त्यांच्या पत्नी, अक्का, दर खेपेला बाहेरच्या बाकावर.

आज त्यांना आत बोलावलं. म्हणाल्या, "दिवाईपाईन मी त्यासले भाकर दूधमा कुस्करीसन देस. माले कोनी इचारंच नही."

म्हणजे थेट दिवाळीपासून! नाना खोटं बोलले नव्हते. कुस्करलेली भाकरही अडू लागली, तेव्हा कुठे त्यांना कळलं. अक्कांना आधीच कळलं होतं. आणि तो बाक माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर! रीत त्यांची, पण दार तर माझं होतं ना?

मुंबईला न्यावं लागेल, म्हटलं. बरे होतील का, हे त्यांनी विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तठे दूध भेटी ना?"

भेटेल, म्हणालो. तेवढंच खात्रीने सांगता आलं.