शेडच्या आतला रंग

९ जानेवारी, गुरुवार
मुंबईहून फोन. आमच्या जुन्या कंपनीतली कुणी दिव्या. अठ्ठावन्न सालचा तो घुमटासारखा लटकता दिवा कंपनी पुन्हा काढतेय म्हणे — नव्या रंगांत! मोहरी, विटकरी, निळा. ‘‘काका, त्याची शेड तुम्ही एकतीस वर्षं लेथवर हाताने घडवलीत ना?’’ घडवली. पांढरी आणि काळी. तिसरा रंग कंपनीत कधी पाहिला नाही.
हो हो म्हणत राहिलो. कावेरी जाऊन सात महिने झाले. तेव्हापासून मी सगळ्यांनाच हो म्हणतो.

१० जानेवारी
जेवलो. काय ते आठवत नाही.

१२ जानेवारी, रविवार
दिव्याने घरातल्या दिव्याचा फोटो मागवला. संध्याकाळी पडवीतला लावला, फोटो काढून पाठवला. पाच मिनिटांत फोन — ‘‘काका, हा हिरवा कुठून आणलात? चौथा रंग हाच! रंग जुळवायला दिवा न्यायला शुक्रवारी येते.’’
कावेरीचा उद्योग तो. निवृत्त होऊन मालवणजवळ कट्टा या आमच्या गावी आलो त्याच वर्षी तिने माझ्या पांढऱ्या शेडला हा हिरवा फासला. भावाच्या, गंगारामच्या, होडीचा उरलेला रंग म्हणाली. बाहेरून तर बाहेरून, आतूनही! मी भडकलो. शेडचा आतला पांढरा रंगच उजेड खाली टाकतो, तो झाकला की दिवा मेला. ‘‘होडी काय भायरसूनच रंगयतत? आतसूनय रंगयतत!’’ ती हसून म्हणाली. बारा वर्षं आल्यागेल्याला सांगत आलो — बायको दिवेवाल्याची, पण अक्कल होडीवाल्याची. लोक हसायचे.
हे लिहितानाही काही वाटत नाही. वाटायला हवं.

१५ जानेवारी, बुधवार
कंपनीचं माणूस येणार, आणि माझ्या हातची शेड आतून अशी? सकाळी उतरवली. आतला रंग पॉलिश पेपरने पार पत्र्यापर्यंत खरवडला. पांढऱ्याचे दोन हात मारले. हात अजून स्थिर आहे. काम चोख झालं.

१७ जानेवारी, शुक्रवार
दिव्या आली. वाकून दिव्याच्या आत बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. ‘‘काका, आतला हिरवा कुठे गेला? तोच तर हवा होता! फोटोत पडवीभर काय मऊ उजेड होता...’’
‘‘साफ केला,’’ म्हणालो.
पोर भली. रागावली नाही. बाहेरचा रंग वाऱ्या-उन्हाने विटलाय, खरा आतच होता म्हणाली, दिवा इथेच ठेवला. तोच रंग कुठे मिळतो का बघा. मेहुण्याला विचारतो म्हटलं.
ती गेल्यावर बाकावर बसलो. कावेरीच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं. साड्या लेकीने नेल्या, लोणचं संपलं. कुंचल्याचे तिचे फटकारे दिसायचे आत, आडवेतिडवे. कंपनीसमोर नाक वर राहावं म्हणून मीच खरवडले. आणि खरवडताना शीळ घालत होतो!

१८ जानेवारी
पडवीत लख्ख उजेड. बसवत नाही.

२० जानेवारी, सोमवार
मालवणला बंदरावर गेलो. गंगाराम जाळं शिवत होता. तुझ्या होडीचा तो हिरवा कुठल्या दुकानातला रे, विचारलं.
‘‘माझी होडी कधी हिरवी होती, भावोजी? निळीच ती, पयल्यापासून. तो डबो तिणा बाजारात तासभर बघान घेतल्यान. माका इचारल्यान — ह्यो आतसून लावलंय तर उजेड कमी होतलो मां? ह्येंच्या डोळ्यांक टोचता, पन ते सांगनत नाय.’’
त्या साली माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दिव्याकडे बघवत नसे. मी कुणाला बोललो नव्हतो.
दिवेवाल्याची बायको ती. आत पांढरा लागतो हे तिला ठाऊक होतं.
एसटीत रडलो. कट्टा आला तरी उतरता आलं नाही.