सातव्या होलवरचा नारळ

मंगळवार, संध्याकाळ. पडेगाव.

गोल्फ कोर्सवरच्या सातव्या होलचा बंकर मालकांनी बुजवला. बाकीचे वाळूचे खड्डे कडेला आहेत, चुकलेल्याला शिक्षा करतात एवढंच. कोर्स आखताना हा एकटा मी बरोब्बर मधोमध ठेवला होता. चेंडू वरून मारायचा की अलीकडंच थांबवायचा, हे खेळणाऱ्याला ठरवावंच लागायचं. अख्ख्या कोर्सचा जीव होता तो.

मालकांना, म्हणजे अण्णांना, किती समजावलं. त्यांचं एकच: "मॅडम, पाव्हणे मजा करायला येतेत. त्यांना कशाला कोड्यात पाडता?"

आज त्या बुजवलेल्या जागेवरच्या नव्या हिरवळीची पूजा ठेवली. नारळ माझ्याच हातात दिला. "तुमीच फोडा. कोर्स तुमचा हाय."

आणि मी फोडला. 'नको' का म्हणता आलं नाही? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिला चेंडू सरळ त्याच जागेवरून गेला. मारणारा खूश. "आता कसं! डोकं लावायचं कामच नाय." सगळे हसले. मीसुद्धा.

खोबऱ्याचा तुकडा पर्समध्ये तसाच आहे. खाववत नाही, टाकवत नाही.

निघताना अण्णा गाडीपर्यंत आले. "अकराव्यावरचा बंकर बी लई नडतोय लोकांना. नारळ दोन आणलेत मी."