पिवळ्या दोऱ्याचं पोतं

अगादिर, १२ जून २००४

ती. इज्जा मावशीस,
बहिजाचा सलाम वि. वि.

मी खुशाल आहे, पोटभर जेवते आणि अजून कुणी मागणी घातलेली नाही. तुझे तिन्ही प्रश्न आधीच निकालात काढले.

कामाची बातमी मात्र वाईट आहे. तुमच्या बायकांच्या संघानं पाठवलेल्या अर्गानच्या बियांच्या गरातून उन्हात लावायच्या मलमाची जी खेप केली, ती परत आली. ऊन अडवायचं काम जस्ताच्या भुकटीचं, कातडी मऊ ठेवायचं अर्गानच्या तेलाचं. पण अंग तापलं की या तेलातून शेळीचा वास सुटतो. एका बाईनं दुकानात डबी आपटून सांगितलं, की समुद्रावर तिचा नवरा उठून लांब जाऊन बसला.

मालकीणबाई लल्ला नजात यांनी उरलेली पोती उघडली. आठ चांगली निघाली. नववं शेळीनं फळ खाऊन बाहेर टाकलेल्या बियांच्या गराचं होतं. आपल्या गावची, प्रत्येकीचा दोरा ओळखणारी इथे मी एकटीच, म्हणून पोत्याच्या तोंडाचा दोरा दाखवून त्यांनी विचारलं, हा कुणाचा? पिवळी लोकर होती, तीन गाठींची. मावशी, तो कुणाचा हे मी तुला काय सांगू! मी शेळ्यावाल्या रकूशचं नाव घेतलं.

संघाला पत्र गेलंय. तू काही बोलू नकोस. माया या पत्रानं आटू देऊ नकोस.

तुझी बहिजा


तिझगी, २४ जून

चि. बहिजास,
इज्जा मावशीचे अ. आ.

हे पत्र वाण्याची हलीमा लिहिते आहे. तिचं अक्षर सुंदर आहे आणि कानही तिखट आहेत, तेव्हा थोडक्यात सांगते.

मालकीणबाईंचं पत्र बैठकीत वाचलं. त्यात नुसतं रकूशचं नाव होतं. रकूश उठून म्हणाली, मी शेळीच्या बीला हात लावला असेल तर हे हात झडोत. बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, हिच्या घरी शेळ्या आणि माणसं एकाच ताटात जेवतात. तिला संघातून काढलं. बी फोडायचे दगड तिनं एकटीनं उचलून नेले. आठ वर्षं ती माझ्या शेजारी बसते.

माझे गुडघे बरे आहेत. उन्हाळा कडक आहे. अधिक सुचत नाही. सुखी राहा.

इज्जा मावशी


तिझगी, ९ जुलै

चि. बहिजास, अ. आ.

अक्षर रेघ सोडून चाललंय, समजून घे. साक्षरतेच्या वर्गात मी आजवर आपलं नाव आणि महिन्यांची नावं एवढंच लिहिलं. पण हे हलीमाकडून लिहवून घेण्यासारखं नाही.

यंदा झाडाखाली फळ फार थोडं पडलं. फळ वाळवा, सोला, मग बी हाती येते. शेळीनं खाल्लेली बी गोठ्यात आयती सोललेली मिळते. आपल्याकडे चांगलं तेल भाकरीशी खायचं आणि वाईट तेल टाचांना नि दिव्याला. शेळीची बी घ्यायची नाही हा संघाचा नियम वाचून दाखवला तेव्हा मी मान हलवली होती. मनात म्हटलं, अंगाला तर लावायचंय, खायचं थोडंच आहे! आणि माझं पोतं त्याच बियांच्या गरानं भरलं. शहरातल्या बाईची कातडी माझ्या जिभेहून नाजूक असेल, हे डोक्यात शिरलंच नाही.

ही चूक झाली. पुढचं मात्र चूक नव्हे. बैठकीत मी गप्प बसले. त्यानंतर रकूश मला रोज ताक आणून द्यायची, कारण सगळ्यांत मी एकटीच तिला हसले नव्हते. ते ताक मी पीत होते. बहिजा, याहून लाजिरवाणं मला काही लिहिता येत नाही.

काल मी तिला सोबत घेऊन संघात गेले आणि सगळं सांगितलं. बायका म्हणाल्या, म्हातारीला ऊन लागलंय. मला दोनदा सांगावं लागलं. रकूशचे दगड आत आले, माझे बाहेर गेले. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, मालकिणीकडे माझं नाव कुणी घेतलं? मी म्हटलं, ज्यानं घेतलं त्यानंच येऊन सांगावं.

तू मला वाचवायला गेलीस, कळतं मला. माया होती तेवढीच आहे. पण पुन्हा कधी मला अशी वाचवू नकोस.

इज्जा


अगादिर, १७ जुलै

ती. मावशीस, सलाम वि. वि.

तुझं पत्र लल्ला नजातना वाचून दाखवलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती गराच्या खोलीची किल्ली मागून घेतली आणि मला डब्या धुवायला बसवलं.

गुरुवारच्या बसनं येते. थांब्यावर येऊ नकोस, चहाही ठेवू नकोस. आधी तुझ्या घरात शिरले तर तिथून माझा पाय निघणार नाही. सरळ रकूशच्या दारात जाईन. तिला काय म्हणायचं ते तीनदा मनाशी जुळवलं आणि तिन्ही वेळा त्यात माझाच बचाव निघाला. म्हणून आता काही न जुळवता येते आहे.

लोभ असू दे, असं या खेपेला लिहवत नाही.

बहिजा