बारशाच्या ब्लँकेटची मधली पट्टी

आदरणीय दादा,

मी सुदाम कडुबा तांगडे, वाणिज्य पदवीधर, आपला धाकटा भाऊ, आपल्या कालच्या फोनबद्दल तीव्र हरकत नोंदवतो. आपल्या नातीच्या बारशाचे ब्लँकेट क्रोशाने मी विणत आहे, हे ठाऊक असूनही आपण म्हणालात, "सुद्या, मालननं विणलं म्हणून सांग. नाय तर पाव्हणे लई हसतील."

माझी पत्नी मालन तर उखडलीच. "माझ्या नावावर खपवू नका. एखादीनं टाका विचारला, तर मला सुई तरी धरता येती का?"

मधल्या पट्टीतील वेलबुट्टी मी आज उसवली. तिच्या जागी उठावाच्या टाक्यांनी 'सुदाम आजोबा' विणतो आहे. मांडवाच्या टोकाच्या पाहुण्यालाही दिसेल इतके ठळक.

हे पत्र धाडणार नाही. उत्तर पाळण्यातच वाचावे.

आपला,
सुदाम कडुबा तांगडे
छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२६