उंच खिडकीतला ढग

४ जून, सोमवार
सभागृहात झोप लागली! बसल्या बसल्या. खाली हिरवा गालिचा, उंच खिडकीतून उन्हाचा पट्टा, आणि पंखा असा घुमत होता की वाटलं, बांधावर पडलोय. शेजारच्या बाकावरच्या वकिलाने कोपर मारलं — "अहो, घोरू तरी नका!"
निवडून येऊन चार महिने झाले. अजून त्या गालिच्यावर पाय जपून टाकतो, रोपं तुडवली जातील म्हणून. वेडाच आहे मी.

६ जून
दादाचा फोन. तलावाचा ठराव येतोय. झाला तर आमचं खालचं रान विहिरीसकट पाण्यात, गावातली निम्मी घरंही. "भाषण तुला जमायचं नाही. विरोधाला हात वर कर, म्हणजे झालं." म्हटलं, एवढंच ना!

७ जून
पक्षप्रमुखांनी चहाला बोलावलं. शेतीमंत्र्यांची खुर्ची रिकामी आहे, म्हणाले. "आणि ठराव एक-दोन मतांवर अडलाय." पुढे काही नाही, बिस्किटांची बशी सरकवली.
बाहेर माळी भर उन्हात झाडांना पाणी घालत होता. मी त्यालाच बघत बसलो. खुर्ची फार मऊ होती.

१२ जून
काय होऊन बसलं हे!
"ठरावाच्या बाजूने हात वर करा," अध्यक्ष म्हणाले — आणि नेमका खिडकीत ढग आला. काळाभोर, पोट खाली सुटलेला. जन्माची सवय! कपाळावर आडवा हात धरून बघायला गेलो, बरसेल का नुसताच जाईल. कारकुनाने तो हात मोजला! एकेचाळीस विरुद्ध चाळीस. वकील म्हणाला, "शेवटी शहाणे झालात."

१३ जून
बायको फोनवर रडली. गावात बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्यात. दादा फोन घेत नाही.
दुपारी डोळा लागला. मी आमच्या विहिरीच्या तळाशी बसलेलो. वरून कुणीतरी दोर सोडतंय, सोडतंय, आणि तो पोचतच नाही. घाबरलो नाही मी. पाणी कोमट होतं.

१५ जून, शुक्रवार
दादा आला. दारातच उभा. "विकलंस आम्हाला?"
ढगाचं सांगितलं. कपाळावर हात धरून दाखवला. तो बघत राहिला आणि मग खो खो हसत सुटला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत! "जेवतानाही तुझं लक्ष आभाळाकडे! आई किती ओरडायची!" मग म्हणाला, "सोमवारी इतिवृत्त वाचतील ना? उठून सांग, हात चुकून मोजला. दुरुस्त होईल. गावाला मी समजावतो."
जाताना खालच्या रानातल्या शेंगा ठेवून गेला. कोवळ्या, गोड. एकट्याने सगळ्या खाल्ल्या.

१८ जून, सोमवार
इतिवृत्त वाचलं. "कुणाची हरकत?" मी बसून राहिलो.
उद्या मंत्रिपदाची शपथ. दादाला अजून कळलेलं नाही, तो ढगाचीच गोष्ट घरोघर सांगतोय.
या वहीशी तरी खोटं नको. त्या दिवशी खिडकीत ढग नव्हता.