भरडा पिल्लांना, शिंपला मोठ्यांना

गुरुवार, दि. ९, दुपारचे तीन

चि. चिमणे,

पुष्कळ आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, असं लिहायला हात आपोआप वळतो, म्हणून लिहून टाकलं. तुझं पत्र पोचलं. सुट्टीत दोन्ही मुलांना महिनाभर इकडे पाठवतेस, हे आईला वाचून दाखवलं. 'आई आहे म्हणून मला काळजी नाही, बाबांनी फक्त कविता शिकवाव्यात,' ही ओळ तिनं तीनदा वाचून घेतली.

कोंबड्यांचं विचारलंयस. अंड्यांचं कवच पुन्हा टणक होतंय. मध्यंतरी इतकं पातळ झालं होतं, की उचलताना बोट आत जायचं. अंडी देणारीला खाण्यातून चुना मिळाला नाही, तर ती स्वतःच्या हाडांतला काढून कवच बांधते, असं कोंबड्यांचे डॉक्टर म्हणाले. एरवी अशा वाक्यावर मी दोन दिवस तरंगलो असतो. या वेळी नुसतं ऐकून घेतलं.

पिल्लं मात्र एकशे बारा गेली. डॉक्टरांनी एक कापून दाखवलं. काळजावर खडू उगाळून लावल्यासारखा पांढरा थर.

ते म्हणाले, "आजोबा, यांना अंडी घालायची घाई झाली होती का? मोठ्यांचं शिंपल्याचं खाद्य तीन आठवडे यांच्यापुढे कोण टाकत होतं? एवढा चुना या एवढ्याशा मूत्रपिंडांना झेपतो होय?"

मी म्हणालो, "मीच."

फोनवर तूही तेच धरलंस. "बाबा, कुठल्या कवितेत होतात?" तू हसलीस, मीही हसलो. मला ते शोभतंच. भाजी आणायला जाऊन पिशवीभर वह्या घेऊन परतणारा माणूस मी.

आपलं ते गाणं तुला आठवतं? तू पहिलीत होतीस, तेव्हा मी जुळवलेलं. खाद्याच्या दोन पिंपांवर नावं लिहायचा कंटाळा, म्हणून.

भरडा पिल्लांना, शिंपला मोठ्यांना,
पाणी सगळ्यांना.

तू ते दुसरीत जाईपर्यंत विसरलीस. आईनं मात्र धरून ठेवलं. इतकी वर्षं मापटं भरताना ती तेच म्हणते, आणि मी बाहेर अंडी गोळा करता करता ऐकतो.

डॉक्टर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेडच्या दाराशी उभा राहून पहिल्यांदाच शब्द ऐकले.

भरडा मोठ्यांना, शिंपला पिल्लांना,
पाणी सगळ्यांना.

आणि त्याबरहुकूम ती घालत होती.

चिमणे, 'पिल्लांना'च्या मात्रा सहा, 'मोठ्यांना'च्याही सहाच. चाल कुठेच अडखळली नाही. एक मात्रा कमी पडली असती, तरी माझा कान उठला असता. तीन आठवडे मी रोज ऐकत होतो आणि मान डोलावत होतो.

आत जाऊन म्हटलं, "अगं, उलटं झालं."

ती म्हणाली, "अहो, असं काय करता? तुम्हीच तर लिहिलंय."

आता खाद्य मी घालतो. ती शेजारी रिकामं मापटं घेऊन उभी असते. माणसांच्या डॉक्टरांनाही दाखवून आणलं. त्यांनी तिला तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं परत विचारले. एकच आला. पाणी.

तुला सांगितलं असतं, तर तू तिला घेऊन गेली असतीस. म्हणून, तिला बोल लागू नये यासाठी डॉक्टरांना म्हटलेलं 'मीच' तुलाही सांगितलं. पिल्लांपुरतं ते चालून गेलं.

मुलांना पाठवू नकोस. तुझ्या धाकटीला शेंगदाणे चालत नाहीत. गेल्या वर्षी तिचा घसा सुजला, तेव्हा तिला कडेवर घेऊन अनवाणी दवाखान्यात धावली ती आईच. आत्ता ती स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजते आहे. "नात येतेय, तिला फार आवडतात," म्हणाली. वास इथपर्यंत आलाय. डबा भरून झाला की मी तो वरच्या फळीवर ठेवीन. ती आणखी भाजेल.

तू ये. एकटी ये.

कुठल्याच कवितेत नसलेला,
बाबा