ऑस्करचा श्रावण

२६ जुलै, शनि.
श्रावण लागला. आईने सुकटीचा डबा माळ्यावर टाकला, माशांचे विकतचे दाणेही. पाकिटावर 'फिश मील' लिहिलंय हे मीच शहाणीने वाचून दाखवलं. "श्रावणात घरात वशाट चलाचा नाय. मासो झालो म्हणून काय झाला?" यंदा बाबांची वाचा परत यावी म्हणून श्रावण कडक पाळायचा नवस बोललीय, त्यामुळे वाद घालायची सोय नाही. टाकीत कणकेच्या गोळ्या. छोट्या मॉली खातात. मोठा मासा, ऑस्कर, तोंडात घेतो नि थुंकतो.

३० जुलै
पॅरॅलिसिसनंतर स्पीचवाल्या मॅडमनी बाबांना दिलेला व्यायाम: टाकीतल्या काळ्या मॉली मोठ्याने मोजायच्या. सात आहेत. सातपर्यंत यायला दोन महिने गेले. आज सहावर थांबले. "बाबा, सात. पुन्हा." पुन्हा सहा. तीनदा मोजायला लावलं. चिडून डावा हात टेबलावर आपटला. ऑफिसला उशीर होत होता, माझंही डोकं फिरलेलं.

१ ऑगस्ट
सहाच होत्या! आज तर पाचच. ऑस्करने गिळल्या. बाबा बरोबर मोजत होते आणि मी... सॉरी म्हटलं. भिंतीकडे तोंड करून बसले. फार लाज वाटली.

२ ऑगस्ट
मामाला फोन. ऑस्कर त्याने दिवाळीला आणला, तेव्हा बोटभर होता, आता पंजाएवढा. म्हणे, "लकी असता तो. कोणाक देऊ नको गो." लकी! लालबागच्या अ‍ॅक्वेरियमवाल्या दुकानदारानेही हात झटकले. "ताई, एवढा वाढलेला कोण घेणार? उपाशी ठेवलाय का? मग खाणारच." दुसऱ्या टाकीला जागा कुठाय? इथे माणसंच तिरकी झोपतात.

३ ऑगस्ट, रवि.
टाकीत मधे प्लास्टिकची जाळी लावली. सकाळ गेली त्यात. ऑस्करने दहा मिनिटांत धडका मारून पाडली. गेला खड्ड्यात.

७ ऑगस्ट
मॉली चार. बाबा मोजतच नाहीत. मॅडम म्हणतात, आत्ता सोडलं तर आलेलंही जाईल. आईला म्हटलं, चार दाणे टाकू दे. "नवस मोडलो नि ह्यांका काय झाला तर?" ती देवळात गेल्यावर माळ्याला स्टूल लावलं. वर चढले. तशीच उतरले. काय झालं तर? मीही तिचीच मुलगी.

१४ ऑगस्ट
दोनच उरल्यात, फिल्टरमागे दडून. सकाळी ऑस्कर काचेला तोंड लावून उभा. बाबा त्याच्याकडे बघत होते. काचेवर हात ठेवला आणि म्हणाले, "भूक."
स्वच्छ. आजारानंतर आकडे सोडून पहिला शब्द.
आईने देव्हाऱ्यापुढे हात जोडले, रडतेय, हसतेय. "बोलले! बघलंस? पाळल्याचा फळ ह्या. आता तर अजिबात मोडूचा नाय."
बाबांनी काचेवर बोट आपटलं. "भूक. भूक."
"हो हो, देतंय," म्हणत आईने त्यांच्यासाठी पेज वाढली. चमचा तोंडाशी नेला. बाबांनी तोंड उघडलं नाही.